जूनमधली हिरवी पानं

मे महिना संपता संपता रोसेन्दोच्या झुडपानं पानं टाकली आणि चायोला बोलायला विषय मिळाला.

"कोमाद्रे, हे मेलं," फाटक पायानं ढकलत ती म्हणाली. दोन्ही हातांत रश्श्याचं पातेलं होतं. "पार खराटा झालाय. उपट आणि अंगण झाडायला घे."

पडवीतल्या खुर्चीतून एर्मिनिया उठली नाही. "झोपलंय ते."

"झोपलंय म्हणे! माझा बोकाही गेल्या वर्षी असाच झोपला होता. मग वास सुटला."

चायो आत गेली. ओट्यावर पातेलं ठेवल्याचा आवाज आला, मग फ्रिज उघडल्याचा. कालचा रस्सा तसाच पडलेला तिला दिसला असणार, कारण फ्रिजचं दार जरा जास्तच जोरात लागलं.

चायो रोसेन्दोची थोरली बहीण. एर्मिनियाच्या मुलाच्या, आबेलच्या बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातांवर घेतलं होतं, म्हणून तो तिला नीना, म्हणजे धर्ममाता, म्हणतो. तेव्हापासून नणंद-भावजय हे नातं मागं पडलं आणि दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणू लागल्या. राहायची दोन गल्ल्या सोडून. फेब्रुवारीत रोसेन्दो गेल्यापासून ती रोज काहीतरी शिजवून आणायची, घरभर नजर फिरवायची आणि घरी जाऊन आबेलला फोन करायची. एर्मिनियाला हे ठाऊक होतं. तिला राग आला नव्हता. बरंही वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीपासून तिला काही जाणवतच नव्हतं. तव्यावरची तोर्तिया उलटताना एकदा मनगट भाजलं, ते तिला संध्याकाळी बाही वर करताना दिसलं. दफनाच्या वेळी सगळे रडत होते तेव्हा ती पाद्रीबाबांच्या बुटांकडे बघत होती. एका बुटाची नाडी तपकिरी होती आणि दुसऱ्याची काळी. टूसॉनमध्ये मे महिन्यातच पारा चाळीसला टेकतो. दर वर्षी एप्रिलमध्ये रोसेन्दो छपरावर चढून कूलरमधलं जुनं गवत बदलायचा आणि कूलर सुरू करायचा. यंदा कुणी चढलं नाही. एर्मिनिया बंद कूलरखाली झोपत होती आणि सकाळी चादर ओली कशानं झाली याचं तिला नवल वाटत होतं.

ईस्टरला आबेल आला होता. तो चँडलरला एसी बसवायचं काम करतो, गाडीनं दीड-दोन तासांवर. जेवता जेवता त्यानं काटा खाली ठेवला.

"अमा, मी सान हुआनच्या सणापर्यंत बघतो," तो म्हणाला. "त्यानंतर हवा दमट होते. मग कूलर नुसता वारा फेकतो. दर उन्हाळ्यात मी अशा घरांत एसी बसवायला जातो जिथं म्हातारं माणूस बंद खोलीत गेलेलं असतं. एसी नव्या मालकांसाठी असतो."

"जेवताना काय हे," चायो म्हणाली.

"जेवताना तरी ही ऐकते, नीना. मला दिसायला हवं की ही स्वतःकडे बघते. घराकडे, बागेकडे, कशाकडे तरी. नाही दिसलं तर चँडलर. खोली तयार आहे."

"बरं," एर्मिनिया म्हणाली होती.

पण तिला जायचं नव्हतं. का, ते तिला नीट मांडता आलं नसतं. इथं राहून ती काही विशेष करत होती असंही नाही. एवढंच, की दुसरं काहीही हवंसं वाटत नव्हतं आणि हे एक वाटत होतं. त्यामुळे सान हुआनचा दिवस, चोवीस जून, तिनं डोक्यात धरून ठेवला होता, पावती मुठीत धरावी तसा.

झुडूप इन्सियेन्सोचं होतं. शहराभोवतीच्या टेकड्यांवर ते आपोआप उगवतं, कुणी विचारत नाही. रोसेन्दोनं मात्र ते फाटकाजवळ लावायचं ठरवलं तेव्हा दोन सुट्ट्या खर्ची घातल्या. वरच्या मातीखाली चुन्याचा दगडासारखा थर असतो, तो त्यानं पहारीनं फोडला. मग खड्डा पाण्यानं भरून तो कॉफी प्यायला आत आला. परत जाऊन बघतो तर पाणी जसंच्या तसं. "बशी झालीय नुसती," असं म्हणत त्यानं पुन्हा पहार घेतली. पाणी डोळ्यांदेखत खाली उतरलं तेव्हाच रोप खड्ड्यात गेलं. खत नाही, विकतची माती नाही, जी निघाली तीच परत घातली. पहिल्या वर्षी पाणी दिलं, पुढच्या वर्षी कमी, नंतर उन्हाळ्यात अजिबात नाही. झुडूप गुडघ्याएवढं, गोल, आटोपशीर राहिलं. वसंतात त्यावर पिवळ्या फुलांचा थर यायचा आणि फुलं सुकली की रोसेन्दो दांडे कापून घ्यायचा.

त्याला सगळ्यांत जास्त आवड पानांची होती. इन्सियेन्सोच्या पानांवर पांढरी लव असते, ती ऊन परतवते. पाणी जितकं कमी तितकी लव दाट आणि पान लहान. पाणी वाढलं की तेच झुडूप मोठी, हिरवी, बोडकी पानं काढतं. टेकडीच्या कुठल्या अंगाला पाऊस झाला ते रोसेन्दो गाडीतूनच पानांचा रंग बघून सांगायचा आणि एर्मिनिया म्हणायची, रस्त्याकडे बघ. मे-जूनमध्ये झुडूप पानं टाकतं आणि काड्या होऊन बसतं. मेल्यासारखं दिसतं, पण मेलेलं नसतं.

हे सगळं चायोला सांगता आलं असतं. त्यासाठी बरंच बोलावं लागलं असतं. शिवाय एर्मिनियाची स्वतःचीही खात्री नव्हती. झुडपाला पाणी द्यायचं नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं दिलं नव्हतं. पण पडवीतल्या डब्यांमधल्या जिरेनियमलाही तिनं पाणी दिलं नव्हतं, आणि ती झाडं खरोखरच मेली होती.

जूनच्या पहिल्या शनिवारी आबेल न सांगता आला. दारातून आत पाऊल टाकलं आणि पुन्हा बाहेर आला.

"अमा, घर आहे की भट्टी? कूलर लावला नाहीस?"

"राहिलं."

"राहिलं म्हणजे?" त्यानं जिरेनियमच्या डब्यांकडे पाहिलं, फाटकाजवळच्या काड्यांकडे पाहिलं, आणि गाडीतून शिडी काढली.

दुपारभर तो छपरावर होता. जुनं गवत खाली पडत होतं, क्षार धरून टणक झालेलं. मग मोटर फिरली आणि पडवीच्या दारातून ओल्या लाकडाचा वास असलेला गार वारा बाहेर आला. आबेलचा चेहरा छपराच्या कडेवर उगवला, उन्हानं लालबुंद.

"येतोय का वारा?"

"येतोय."

"सांगशील तरी! मी इथं कोंबडीसारखा भाजतोय."

कूलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो, म्हणून थोडं पाणी सतत नळीनं बाहेर सोडत राहावं लागतं. रोसेन्दोनं ती नळी मागच्या बाजूनं गल्लीत सोडली होती. तिथल्या दगडांवर पांढरा थर चढला होता. आबेलनं ती नळी ओढली, तिला एक नवा तुकडा जोडला आणि पुढच्या भिंतीवरून खाली सोडली. मग शिडीवरून उतरून तिचं टोक फाटकाजवळ नेलं, झुडपाच्या बुंध्याशी ठेवलं आणि वर एक दगड ठेवला.

"गल्लीला पाणी पाजण्यापेक्षा हे बरं," तो स्वतःशीच म्हणाला. "अपाच्या झाडाला मिळेल."

"तिथं नको," एर्मिनिया म्हणाली.

आबेल तोवर पुन्हा शिडीवर चढला होता आणि त्याच्या हातातलं ड्रिल सुरू झालं होतं. "काय?" तो वरून ओरडला.

एकदा बोलणं तिला जमलं होतं. पुन्हा तेच, मोठ्यानं, कारणासकट सांगायचं म्हणजे पोतं दुसऱ्यांदा उचलण्यासारखं होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

जाताना त्यानं तिला मिठी मारली. त्याच्या शर्टाला गंजाचा वास होता. "सान हुआनला येतो," तो म्हणाला. धमकी असावी असा आवाज नव्हता, पण त्यानं झुडपाकडे पुन्हा एकदा बघितलं, आणि ते तिनं पाहिलं.

झुडपाला आधी काही कळलं नाही असं दिसलं. मग काड्यांच्या सांध्यांवर टिपके आले, टिपक्यांची पानं झाली, आणि चायोनं फाटकातच हातातली पिशवी खाली ठेवून छातीवर क्रूस काढला.

"रोसेन्दो!" ती म्हणाली. "माझ्या भावा! कोमाद्रे, बघितलंस? हा चमत्कार आहे."

"कूलरचं पाणी आहे."

"मग कूलर चमत्कार आहे. तू ना, सांता मारिया स्वतः दारात उभी राहिली तरी तिला पाय पुसायला सांगशील." तिनं फोन बाहेर काढला, झुडपाचे चार-पाच फोटो घेतले, एकात एर्मिनियालाही उभं केलं. "हास. बरं, नको हासू. डोळे तरी उघड."

संध्याकाळी आबेलचा फोन आला. त्याचा आवाज हलका होता. इतका हलका आवाज तिनं हिवाळ्यानंतर ऐकला नव्हता.

"नीनानं फोटो पाठवले. काय सुंदर झालंय! बघतेस ना त्याच्याकडे रोज?"

"बघते."

"म्हणजे जमतंय तुला, अमा."

"हो."

ती खरंच रोज बघत होती. पानं तळहाताएवढी झाली होती. हिरवी, पातळ, लवेचा मागमूस नाही. रोसेन्दोनं ओळखलं नसतं असं झुडूप. फांद्या लांब आणि लुळ्या होऊन चहूकडे पडल्या होत्या आणि मधोमध टक्कल पडलं होतं. एका सकाळी ती खाली बसली आणि बुंध्याजवळच्या मातीत तिनं बोटं घातली. माती काळी होती, चिकट होती आणि आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट होती. अशा उन्हात, अशा ओलीत या झाडाची मुळं किती टिकतात ते तिला माहीत होतं. वरून क्षाराचं पाणी.

एर्मिनियानं इस्पितळात क्ष-किरण विभागात सगळी नोकरी काढली होती. लोक हात, पाय, छाती घेऊन यायचे. चित्र पडद्यावर उमटायचं आणि तिला दिसायचं. ते तिला विचारायचे, मोडलंय का हो? आणि तिनं सांगायचं नसायचं. नियमच होता: चित्र काढायचं, बोलायचं डॉक्टरांनी. तिला ते कधी जड गेलं नाही. तुटलेलं हाड बघून ती म्हणायची, उठा सावकाश, झालं.

आताही तिला चित्र स्वच्छ दिसत होतं. नळी आजच्या आज हलवली तर ही माजलेली पानं आठवड्याभरात गळतील, झुडूप पुन्हा काड्या होऊन बसेल आणि कदाचित जगेल. पण मग सान हुआनला आबेल फाटकातून आत येईल तेव्हा त्याला काड्या दिसतील. तो म्हणाला होता, मला दिसायला हवं. नळी तशीच ठेवली तर त्याला हिरवं झाड दिसेल.

तिनं दगड उचलला. नळीचं टोक हातात घेतलं. पाणी बारीक येत होतं, ते तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

रोसेन्दोचं झुडूप किंवा हे घर. असं समोर मांडून पाहिल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. तिनं थोडी वाट पाहिली. समोरच्या घरचा कुत्रा कुंपणापर्यंत आला, तिच्याकडे बघून परत गेला. तिनं नळीचं टोक होतं तिथंच ठेवलं, वर दगड ठेवला आणि हात स्कर्टला पुसून आत गेली.

सान हुआनच्या दिवशी ऊन नेहमीसारखंच होतं, आकाशात ढगाचं पीसही नव्हतं. चायो मिरवणुकीतून थेट आली. संताच्या मूर्तीसमोर पाऊस मागत पाणी शिंपडतात, त्यात ती मुद्दाम पुढं उभी राहत असे. केस भिजून कपाळाला चिकटले होते.

"आज पाऊस पडणार," तिनं जाहीर केलं.

"दर वर्षी म्हणतेस, नीना," आबेल शेगडीत कोळसे घालत म्हणाला.

"दर वर्षी पडतो."

"जुलैमध्ये."

"संताला गावं पुष्कळ असतात. पोचेपर्यंत उशीर होतो."

मांस भाजलं जात असताना आबेल घरात फिरून आला. कूलरच्या झरोक्याखाली हात धरून पाहिला. गोळ्यांच्या डबीचे कप्पे उघडून पाहिले. फ्रिजपाशी थोडा जास्त वेळ थांबला. मग बाहेर येऊन फाटकापाशी गेला आणि झुडपासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एक फांदी त्यानं बोटावर उचलली. पानं चिंधीसारखी खाली लोंबली.

"दुपारचं ऊन लागतंय वाटतं," तो म्हणाला.

एर्मिनिया चिमटा हातात धरून शेगडीजवळ उभी होती. सांगायचं तर आता. "हो," ती म्हणाली. आणि त्याच्या तोंडाकडे बघून पुढं म्हणाली, "तुझ्या नळीनं आलंय ते."

आबेलला हे आवडलं. पस्तिशीचा माणूस, कान लाल झाले. तो शेगडीजवळ आला, चिमटा तिच्या हातातून घेतला आणि मांसाचे तुकडे उलटत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "राहा तू इथं, अमा. यंदा तरी. दमट हवा सुरू झाली की पुढच्या खोलीत मी एक छोटा एसी बसवून देईन."

चायो रडायला लागली. रडता रडताच तिनं तोर्तियात मांस गुंडाळून एर्मिनियाच्या हातात दिलं. "खा. अख्खं. मी बघतेय."

एर्मिनियानं अख्खं खाल्लं. आता बरं वाटेल, असं तिला वाटत होतं. भांडी घासताना वाटेल, सगळे गेल्यावर वाटेल. भांडी घासून झाली, सगळे गेले. स्वयंपाकघर तेच होतं, खुर्ची तीच होती, ती तिथंच राहणार होती. एवढं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळी काढली, घराला वळसा घालून मागे ओढत नेली आणि गल्लीत सोडली.

निरोगी झुडूप पानं टाकतं तेव्हा ती आधी पांढरी पडतात, चुरगळतात आणि एकेक करून गळतात. ही पानं गळली नाहीत. ती हिरवीच लोंबली, मग कडेनं काळी पडली आणि काळी होऊन फांद्यांना चिकटून राहिली. एर्मिनियानं बुंधा अंगठ्यानं दाबून पाहिला. साल ओली होती, ती हाताला लागून निघाली. आतही तपकिरी. तिनं फांद्या दोन्ही हातांत धरून ओढल्या तर सगळं झुडूप सहज वर आलं, कुणी आधीच उपटून नुसतं टेकवून ठेवावं तसं. मुळांचा गोळा कुजून जेमतेम चार बोटं उरला होता.

ते तिनं फाटकाजवळ जमिनीवर आडवं ठेवलं. मग आतून फोन आणला आणि पडवीच्या दारात उभं राहून आबेलला लावला. ती आपणहून त्याला फोन करत नसे, म्हणून त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं? बरी आहेस ना? पडलीस का?"

"झुडूप मेलं."

पलीकडे कुठंतरी कोणीतरी पत्रा ठोकत होतं. तो आवाज दूर गेला. आबेल चालत बाजूला आला असावा. "कुठलं? अपाचं? अगं, परवा तर हिरवंगार होतं. कशानं मेलं?"

"पाण्यानं."

"पाण्यानं?" आबेल एकदम हसला. "टूसॉनमध्ये? जूनमध्ये? अमा, तू पण ना!" तो हसत राहिला. त्याला वाटलं होतं की आईनं विनोद केला, किती महिन्यांनी केला, आणि त्याचा आनंद त्या हसण्यात मिसळलेला होता. एर्मिनियानं फोन कानाशी धरून ते संपेपर्यंत ऐकलं.

मग ती थांबली. आता तो चँडलर म्हणेल. खोली तयार आहे म्हणेल.

"कूलर चालू आहे ना?" आबेलनं विचारलं.

"आहे."

"दुपारी आत बसतेस? जेवलीस आज?"

"बसते. अंडं खाल्लं."

"मग झालं. झाडाचं काय, दुसरं आणू. मला वाटलं तुला काही झालं."

फाटकाजवळच्या खड्ड्यात अजून ओल होती. एक मधमाशी तिथं येऊन पाणी पीत होती.

"आबेल, त्या दिवशी तुला ते वाळलेलं दिसलं असतं तर?"

"कुठल्या दिवशी?"

"सान हुआनला. नुसत्या काड्या दिसल्या असत्या तर?"

"तर काय?" त्याला प्रश्न कळला नव्हता. "मी कूलर बघायला आलो होतो, अमा. आणि फ्रिज. तू जेवतेस की नाही ते. कालचा रस्सा संपलेला होता, मला पुरे झालं. झाडातलं मला काय कळतंय?"

मधमाशी उडाली, पुन्हा येऊन बसली. दारातून कूलरचा वारा तिच्या पाठीवर येत होता. पलीकडे पुन्हा पत्रा ठोकायला सुरुवात झाली.

"अमा? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली.